पाउंडच्या ‘कॅथे’तला ली बाय कितपत खरा?

प्रश्न
अमेरिकन कवी एझ्रा पाउंडच्या ‘कॅथे’ (१९१५) या चिनी कवितांच्या इंग्रजी भाषांतरांच्या पुस्तकातलं व्यापाऱ्याच्या बायकोचं पत्र मराठीत आणायचं आहे. मूळ कविता थांग काळातला चिनी कवी ली बाय याची. पाउंडला तेव्हा चिनी येत नव्हतं. त्याच्या इंग्रजीवरून केलं तर कुठे फसेल?

प्रतिसाद १
महिन्यांपाशी. ली बायच्या मूळ ओळींचा अर्थ असा: यांगत्से नदीवरच्या छुथांगच्या घळीतल्या यानयू खडकाला पाचव्या महिन्यात शिवू नये. तेव्हा नदी फुगायची, खडक पाण्याखाली जायचा आणि नावा त्यावर आपटून फुटायच्या. नवरा तिकडेच गेलाय; बायकोचा जीव टांगणीला लागलाय तो यामुळे. पाउंडने ‘तुला जाऊन पाच महिने झाले’ असं केलं, आणि घळ-खडक मिळून ‘कू-तो-येन’ हे एकच ठिकाण. भीती गेली, नुसता विरह उरला.

पुढे त्याची फुलपाखरं ‘ऑगस्ट’मध्ये पिवळी पडतात. मुळात तो आठवा चांद्रमास आहे. इथे मराठी इंग्रजीपेक्षा जवळची: त्या महिन्याची पौर्णिमा बहुधा आपल्या भाद्रपदाचीच असते, पाचव्याची ज्येष्ठाची. सरळ ज्येष्ठ-भाद्रपद लिहा.

नावंही बदला. पाउंडने फेनोलोसा या अमेरिकन अभ्यासकाच्या वह्यांवरून काम केलं; फेनोलोसा तोक्योत जपानी पंडितांकडे शिकला, म्हणून ली बायचा ‘रिहाकू’ झाला आणि चांगफंगशा या ठिकाणाचं ‘चो-फू-सा’.

प्रतिसाद २
गाळलेलंही भरून घ्या. ‘खांब धरून राहण्याची निष्ठा’ ही अख्खी ओळ पाउंडकडे नाही. जुन्या चिनी गोष्टीतला वेइ शंग पुलाखाली प्रेयसीची वाट बघत थांबला, पाणी चढलं तरी खांब सोडला नाही, बुडाला. चिनी वाचकाला हे तीन अक्षरांत कळतं. बांबूचा घोडा म्हणजे दोन पायांत काठी धरून खेळायचा घोडा. पाउंडने त्याच्या, ज्यांवर उभं राहून चालतात अशा, उंच काठ्या केल्या. ‘निळी’ आलुबुखारंही खरी हिरवी, कच्ची आहेत. मूळच्या ‘छिंग’ या चिनी शब्दात दोन्ही रंग येतात.

असे संदर्भ गळाले की कविता साधी, चित्रासारखी दिसते. तो साधेपणा भाषांतराचा होता. पाश्चात्त्य वाचकांनी तो चिनी मनाचा स्वभाव समजला, हे मला फार खटकतं.

प्रतिसाद ३
त्यात फेनोलोसाच्या निबंधाची भर पडली. पाउंडने तो १९१९ मध्ये छापला. चिनी लिपी म्हणजे चित्रं, असा त्याचा सूर. प्रत्यक्षात बहुतेक अक्षरांत एक भाग अर्थाचा, दुसरा उच्चाराचा असतो. ‘मा’ म्हणजे आई: डावीकडे स्त्री, उजवीकडे घोडा. घोडा फक्त ‘मा’ या आवाजासाठी. अक्षर फोडून प्रतिमा काढायच्या मोहात पडू नका.

प्रश्नकर्ता
मग पाउंड बाजूलाच ठेवू?

प्रतिसाद १
नको. चौदाव्या वर्षी लग्न, पंधराव्या वर्षी जवळीक, सोळाव्या वर्षी ताटातूट, हा चढता क्रम आणि दबका आवाज त्याने अचूक पकडलाय. आवाज त्याच्याकडून घ्या, तपशील मुळातून. मूळ कविता तीस ओळींची आहे, प्रत्येक ओळ पाच अक्षरांची. मराठी ओळी आखूडच ठेवा.