आमच्या 1930 मध्ये टुरिस्ट कशाला घुसवता?

बाळीवेसकर
इथल्याच काही हौशी पोरांनी केलेलं ऑडिओ नाटक परवा ऐकून संपवलं. पोरं नवीन आहेत, म्हणून नाव लिहीत नाही. गोष्ट अशी की दोनशे वर्षांनंतरची एक टूर कंपनी लोकांना भूतकाळात फिरवून आणते. सगळ्यात जास्त खपणारं पॅकेज 'स्वतंत्र सोलापूर', 9 ते 11 मे 1930. गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं, पोलीस बाजूला झाले, काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी रस्ते सांभाळले आणि 12 तारखेला मार्शल लॉ आला. त्यामधले हे तीन दिवस.

इथवर झकास. गाइड म्हातारी तर फर्मास जमलीय. "झेंड्याला हात लावायचा नाही, ते तिकिटात बसत नाही," असं ती टुरिस्टांना दटावते तेव्हा मी एकटाच मोठ्यानं हसलो. पण शेवटच्या भागात काय, तर 8 मेला रूपाभवानीच्या देवळापाशी जमलेल्या गर्दीतले अर्धेअधिक लोक टुरिस्टच निघतात. कोर्टाला काडी लावणाराही त्यांच्यातलाच. का लावली? तर 'ऐतिहासिक क्षण' हुकायला नको म्हणून!

अरे, ती गर्दी आमची होती. दारूला विरोध म्हणून शिंदीची झाडं तोडायला गेलेली माणसं इथली. गोळीबारात पडलेले शंकर शिवदारे इथले. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन इथलेच. पोलिसांच्या खुनाचा आरोप त्यांच्यावर आला, जीव त्यांचा गेला. आणि एका ट्विस्टपायी तुम्ही सगळी करणी परक्यांच्या नावावर करून मोकळे? पिरॅमिड परग्रहवाल्यांनी बांधले म्हणणाऱ्यांत आणि यांच्यात फरक काय राहिला?

भोंगा
काका, टोमणा तुम्हाआम्हालाच होता आणि तो बरोबर लागलाय. सोलापुरात कुणालाही विचारा, त्याचे आजोबा त्या गर्दीत होतेच. सगळ्यांचे आजोबा उभे करायचे म्हटलं तर रूपाभवानीपासून पार अक्कलकोट रोडपर्यंत माणूस मावायचा नाही. प्रत्येक पिढी त्या गर्दीत आपला एकेक माणूस घुसवते. नाटकातले टुरिस्ट म्हणजे आपणच की. त्या दिवशी जाऊन उभं राहायची हौस, पण 12 तारखेला गोरे शिपाई आले की परतीचं तिकीट तयार. इतका नेमका चिमटा मी तरी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

निव्वळ_तर्क
भोंगाशी सहमत, फक्त कारण वेगळं. भूतकाळ बदलता येत नाही, जे झालं तेच होणार, हा नियम नाटकात पहिल्याच भागात सांगितलाय. तो मानला, तर तिथे जाणारे टुरिस्ट आधीपासून त्या गर्दीत असलेच पाहिजेत. ट्विस्ट उगाच चिकटवलेला नाही, नियमातूनच निघतो. नाहीतर मग प्रवासच होत नाही म्हणा. स्टीफन हॉकिंगनी 28 जून 2009 ला कालप्रवाशांसाठी पार्टी ठेवली आणि निमंत्रणं पार्टी झाल्यावर जाहीर केली. एक माणूस फिरकला नाही. (शेंगाचटणी ठेवली असती तर आले असते, हा माझा अंदाज.)

बाळीवेसकर
नियम मान्य. गर्दीत उभे असतील, बिचारे. पण उभं राहणं वेगळं आणि काडी लावणं वेगळं. तुमच्या नियमानं फक्त हजेरी सिद्ध होते. काडी टुरिस्टाच्या हातात नियमानं दिली नाही, लेखकानं दिली.

आणि भोंगा, आजोबांचं म्हणशील तर थापा मारणारा नातू निदान आजोबाला इथला तरी ठेवतो.

पूर्वभागातली
तुम्ही सगळे शेवटच्या भागावर भांडताय. मला पहिल्या मिनिटापासून त्रास झाला. सगळी गर्दी सदाशिव पेठेतलं मराठी बोलते! 1930 च्या सोलापुरात? गिरणीतला माणूस, मागावरचा माणूस, त्यात तेलुगू किती, कानडी किती, दखनी किती. आमच्या साखर पेठेत अजून एका वाक्यात तीन भाषा येतात. डोळ्यांना काही दाखवायचं नसलेल्या नाटकात शहर उभं करायला आवाजाशिवाय आहे काय तुमच्याकडे? मिलचा भोंगा वाजवला की सोलापूर होत नाही. त्या चौघांची नावंच बघा ना, एका घरात एक भाषा बोलणारे होते का ते? 'गझनफर' हे वर्तमानपत्र चालवणारे कुर्बान हुसेन घोषणा देताना पुणेरी वाटतात, हे मला टुरिस्टांपेक्षा जास्त झोंबलं. गर्दी परकी वाटायला टुरिस्ट लागलेच नाहीत.

जुनी_फाइल
पूर्वभागातली, शंभर टक्के.

मला मात्र तिसऱ्या भागाबद्दल बोलायचंय, कारण खरं नाटक तिथे आहे. 10 मे. टुरिस्ट पैसे मोजून 'स्वातंत्र्य' बघायला आलाय. दिसतं काय? चौकात एक स्वयंसेवक हात दाखवून टांगे वळवतोय. दुकानाची अर्धी फळी उघडून कुणीतरी तेल मोजून देतंय. जो तो स्टेशनकडून येणाऱ्याला विचारतोय, "पलटण आली का?" मिरवणूक नाही, भाषण नाही. टुरिस्ट वैतागून पैसे परत मागतो. म्हातारी म्हणते, "एवढंच असतंय."

या तीन दिवसांच्या दंतकथेला दोन बाप आहेत. सरकारला शहर गुंडांच्या हाती गेलं असं सांगायचं होतं, त्याशिवाय मार्शल लॉचं समर्थन कसं करणार? आपल्याला शहर स्वतंत्र झालं असं सांगायचं होतं. दोघांनाही मधला तो टांगे वळवणारा पोरगा नको होता. नाटकानं तो परत आणला, आणि मग शेवटच्या भागात स्वतःच आतषबाजीच्या मागे लागलं. टूर कंपनीला नावं ठेवत ठेवत पोरांनी तेच पॅकेज विकलं.

भोंगा
हे पटलं. पण आग लावल्याचा प्रसंगच गाळायचा का? कोर्ट जळलं ही काही दंतकथा नाही.

बाळीवेसकर
गाळू नका. आवाजाचं नाटक आहे ना, मग काडी ओढल्याचा आवाज येऊ द्या, भोवती तेलुगू-कानडी-दखनी कालवा असू द्या. कुणी ओढली ते सांगूच नका.

निव्वळ_तर्क
म्हणजे पळवाट. कुणी केलं ते उघडं न करता जबाबदारी गर्दीवर टाकायची. मग पुढे चौघांना उचललं, तेव्हा ऐकणाऱ्याला काय वाटावं? ते चौघं निर्दोष होते असं आपण लहानपणापासून ऐकतो. तुमच्या आवृत्तीत तेही धूसर होईल. त्यापेक्षा टुरिस्टानं काडी लावली आणि फाशी सोलापूरकरांना झाली, यात अन्याय जास्त ठसठशीत दिसतो.

बाळीवेसकर
अन्याय ठसठशीत दिसावा म्हणून त्यांच्या शहराचा राग खोटा ठरवायचा? नाही पटत. ते चौघं निर्दोष असू शकतात आणि तरी राग सोलापूरचाच असू शकतो.

पूर्वभागातली
निव्वळ_तर्क, काकांच्या या वाक्याला तुमच्या नियमात उत्तर आहे का? असेल तर लिहा. आणि पोरांपैकी कुणी वाचत असेल तर पुढच्या रेकॉर्डिंगला गर्दीसाठी माणसं लागतील, आमच्या गल्लीत या. पैसे नकोत, वाक्यं मात्र आम्ही आमच्या तोंडानं बोलणार.