मदत हवी आहे : डिटेक्टरला समोर ठेवलेला रुपयाही दिसत नाही, कॉइल बदलू का?

रामबागवाला
नमस्कार. जरा घाई आहे. मित्राकडून मेटल डिटेक्टर आणलाय, रविवारी परत द्यायचाय. नाणी शोधायची आहेत. काल रात्री तासभर झटापट केली. सेन्सिटिव्हिटी फुल केली की नुसती किरकिर, मशीन हातात स्थिर धरलं तरी. पार्क मोडवर टाकलं की गप्प होतं, पण मग समोर ठेवलेल्या रुपयावरही आवाज नाही. बरोबर दोन कॉइल (जमिनीवरून फिरवायच्या चकत्या) आहेत, मोठी आणि लहान. मोठी लावलीय. ती गेली असेल का? नेमकं सेटिंग सांगा, बाकी काही नको. यूट्यूबवर सगळे समुद्रकिनाऱ्यावर फिरताहेत, इंदूरला समुद्र कुठून आणू?

काळी_माती
मशीन कुठलं? टेस्ट कुठे केली, घरात की मातीवर? शोधायचं कुठे आहे? एवढं कळल्याशिवाय सेटिंग कसं सांगणार?

बारा_इंची
मोठी कॉइल, फुल सेन्सिटिव्हिटी. नाणी खोल असतात, बाकी सगळे बहाणे. मी गेली कित्येक वर्षं दुसरी कॉइल लावलेली नाही.

रामबागवाला
नोक्ता सिंप्लेक्स. टेस्ट आमच्या फ्लॅटच्या गच्चीवर केली. रुपया म्हणजे रुपया, खिशातला.

काळी_माती
मग कॉइलला दोष देऊ नका, दोन्ही चुका इथेच दिसताहेत.

गच्ची म्हणजे स्लॅब, आणि स्लॅबमध्ये वीतवीत अंतरावर लोखंडी सळया. वर इन्व्हर्टर, वायफाय, शेजारच्या खांबावरच्या तारा. तिथे फुल सेन्सिटिव्हिटीवर मशीन किरकिरणार नाही तर काय करेल?

दुसरं, खिशातला रुपया. 1992 पासूनचा रुपया स्टेनलेस स्टीलचा आहे. घरातलं चुंबक लावून बघा, चटकन चिकटेल. पार्क मोड लोखंड गाळतो, तुमचा रुपयाही त्यातच गाळला गेला. माझ्या मशीनवर त्याचा आकडा (स्क्रीनवर धातूची ओळख देणारा) कधी तळाला, कधी मधेच वर, एका जागी थांबतच नाही. टेस्टला जुना जाडा पाच रुपयांचा ठोकळा घ्या, तो तांबं-निकेलचा आहे. 1957 चा नवा पैसा असेल तर उत्तमच, तो काशाचा. नाणं मोकळ्या मातीवर ठेवा, वरून कॉइल फिरवा, आणि मग सांगा.

सुदामानगरच्या_काकू
रामबागेत कुठे राहता? माझी मावशी तिथे वाड्यात राहायची. त्यांच्या अंगणात दर पावसाळ्यात पैसे निघायचे म्हणे, मुलं गोळा करून चिंचा आणायची.

रामबागवाला
काकू, आम्ही आता फ्लॅटमध्ये. शोधायचं आहे ते आमच्या जुन्या वाड्याच्या परसात, मल्हारगंजला. बिल्डरला दिलाय, पुढच्या आठवड्यात जेसीबी येतोय.

काळी_माती, खरंच हो. पाचचा ठोकळा अंगणात कडक वाजला. आकडाही हलला नाही.

काळी_माती
हे आधी सांगायचं ना! परस म्हणजे खिळे, पत्र्याचे तुकडे, बाटल्यांची झाकणं, औषधांच्या गोळ्यांच्या पट्ट्या. त्या पट्ट्या ॲल्युमिनियमच्या, मधला आकडा देतात आणि जुन्या दहा-वीस पैशांची हुबेहूब नक्कल करतात. अशा कचऱ्यात मोठी कॉइल एका वेळी चार वस्तूंवर पडते, खिळ्याशेजारचं नाणं त्यात हरवतं. लहान लावा.

आणि ही माळव्याची काळी माती आहे, बेसॉल्टची. तिच्यात मॅग्नेटाइटचे कण असतात, तेही मशीनला दिसतात. म्हणून आधी ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मशीनला मातीकडे दुर्लक्ष करायला शिकवणं. खाली धातू नसलेली जागा बघा, बटण दाबून धरा, कॉइल वीतभर उंचीवरून दोन बोटं उरेपर्यंत वर-खाली करा, आवाज बसेपर्यंत. मग सेन्सिटिव्हिटी फुलवरून दोन घरं खाली. मशीन शांत झालं की जास्त खोलचं ऐकू येतं, हे बारा_इंचींना पटणार नाही, पण असंच आहे.

कॉइल जमिनीला समांतर ठेवा. झाडू मारताना टोकाला हात वर जातो तसं झालं की तिथली खोली गेली. आणि केबल दांडीला घट्ट गुंडाळा, लोंबती राहिली तर तीच खोटे आवाज देते.

बारा_इंची
पटत नाहीच. लहान कॉइलने परसाचं एक टोक संपायला दिवस जाईल. ह्यांच्याकडे किती दिवस आहेत? मोठी डीडी (आत दोन डी-आकाराची वेटोळी असलेली) लावा आणि सावकाश फिरवा. डीडी काळ्या मातीत नीट चालते, हे तरी मान्य करा.

काळी_माती
डीडीचं मान्य. गोल कॉन्सेंट्रिक (एकात एक गोल वेटोळी असलेली) असती तर काळ्या मातीत डोकं उठलं असतं. पण ह्यांच्या दोन्ही डीडीच आहेत, प्रश्न फक्त आकाराचा आहे.

कायदा_बघा
मजा चाललीय, पण 1878 चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा कुणी वाचलाय का? जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. मालक निघालाच नाही आणि जागा दुसऱ्याची असेल, तर आधीचा करार नसल्यास तीन चतुर्थांश शोधणाऱ्याचं, एक चतुर्थांश जागामालकाचं. रजिस्ट्री झाली की मालक कोण, बिल्डर की तुम्ही?

रामबागवाला
रजिस्ट्री व्हायचीय, ताबाही आमच्याकडेच आहे. दहा रुपयांत आता कचोरी येत नाही हो.

कायदा_बघा
कायद्यात आकडा तोच आहे, माझ्यावर कशाला चिडता? आणि शंभर वर्षांच्या आत कुणी पुरून ठेवलं असेल आणि तो किंवा त्याचा वारस हक्क सांगत असेल, तर पद्धत वेगळी. म्हणून विचारतोय, तुम्ही नेमकं काय शोधताय?

माळवा_भटक्या
परसात काय मिळणार भिया, महेश्वरला चला. घाटावर अहिल्याबाईंच्या वेळचे रुपये, बेलाचं पान आणि पिंड असलेले!

काळी_माती
त्यांना भलतीकडे धाडू नका. संरक्षित स्मारकाच्या आवारात खणणं गुन्हा आहे. डिटेक्टर घेऊन घाटावर उभे राहिलात तरी आधी पोलीस विचारतील.

रामबागवाला
बरं, सांगतो. आजीने नाणी डालडाच्या डब्यात घालून न्हाणीघरामागे, बंबाच्या बाजूला पुरली होती म्हणतात. आजोबांपासून लपवून. बाबा लहान असताना त्यांनी तिला खणताना पाहिलंय. काय नाणी, किती, कुणालाच माहीत नाही. आजी सांगायची राहून गेली. अंगणात सुटी नाणी मिळाली तर तीही हवीच आहेत.

काळी_माती
अहो! तीन दिवस आम्ही नाण्यांवर भांडतोय आणि तुम्ही डबा शोधताय!

डालडाचा डबा म्हणजे पत्रा. पार्क मोडमध्ये तुमच्या रुपयासारखा तोही गाळला जाऊ शकतो, आत चांदी असली तरी वरचं लोखंड आधी बोलतं. डब्यासाठी ऑल मेटल (काहीच न गाळणारा मोड), मोठी कॉइल आणि मोठा, पसरट आवाज ऐका. बारा_इंची, खूश व्हा. डब्याची जागा बघून झाली की सुट्या नाण्यांसाठी लहान कॉइल.

एक अडचण आहे. बंबाजवळ कोळशाची राख असणार. जळक्या कोळशाचे खडे आणि भाजलेल्या विटा मशीनला फसवतात. खोटा आवाज कॉइल थोडी उचलली की लगेच मरतो आणि दिशा बदलून फिरवलं की बदलतो. डबा दोन्ही दिशांनी तसाच वाजेल.

बारा_इंची
मी पहिल्या दिवसापासून मोठी कॉइलच म्हणत होतो.

सुदामानगरच्या_काकू
आजीचं नाव काय हो? मावशी कदाचित ओळखत असेल.

रामबागवाला
शनिवार, रात्री. आज दिवसभर परसात होतो. आधी ऑल मेटल, मोठी कॉइल. बंबाची जाळी, घोड्याची नाल, एक बिजागरी, सात खिळे. डबा नाही. बाबा म्हणतात न्हाणीघर आधी दोन हात पुढे होतं, म्हणजे आता वर फरशी आहे. ती उद्या उचलायची.

संध्याकाळी लहान कॉइल लावली. तुळशी वृंदावनाच्या मागे एकच आवाज, वरचा आकडा, दोन्ही दिशांनी तसाच. चिखलाचं काळं ढेकूळ निघालं. हाताने फोडलं तर आत हिरवट काठ. आहे तांब्याचं, रुपयापेक्षा जरा मोठं. एका बाजूला बैल बसलेला वाटतो. काय असेल?

काळी_माती
बसलेला बैल म्हणजे बहुधा शिवाजीराव होळकरांच्या वेळचा, पाव आणा किंवा अर्धा आणा. व्यास मोजा, मग ठरेल. दुसऱ्या बाजूला विक्रम संवत असतो, त्यातून 57 वजा केले की सन येतो. फोटो टाका. साध्या पाण्यात भिजवून ठेवा, कशानेही घासू नका.

माळवा_भटक्या
भिया, चिंच आणि पितांबरी! अर्ध्या मिनिटात नवं दिसेल.

काळी_माती
घासू नका!! हिरवा थर गेला की नाण्याची किंमतही गेली, अक्षरंही गेली.

रामबागवाला
फोटो आता टाकत नाही. मी आंघोळीला गेलो तेवढ्यात आईने घासलं. चकचकीत झालंय, बैल मात्र दिसत नाही. मशीन सोमवारी देतो म्हणून मित्राला कळवलंय. फरशी कुणाकडून काढून घ्यावी, मल्हारगंजात माहितीतला गवंडी आहे का?