इम्युनोग्लोब्युलिनची कंपनी बदलली. फार्मासिस्टला काय विचारावे?

प्रश्न (पाचपाखाडी, ठाणे):
माझ्या वडिलांना सीआयडीपी (नसांना दीर्घकाळ सूज येऊन हातपाय अशक्त होणारा आजार) आहे आणि दर तीन आठवड्यांनी त्यांना शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिले जाते. या खेपेस नेहमीच्या कंपनीच्या बाटल्या मिळाल्या नाहीत, तेव्हा दुकानदाराने 'औषध तेच आहे' असे सांगून दुसऱ्या कंपनीच्या दिल्या. वडिलांना मधुमेह आहे. परवा वाशीच्या रुग्णालयात सलाईन लागेल. हा बदल चालेल का?

उत्तर १ (रुग्णालयातील फार्मासिस्ट, नवी मुंबई):
'औषध तेच' हे अर्धेच खरे आहे. हजारो दात्यांच्या प्लाझ्मापासून (रक्तातील द्रव भागापासून) मिळवलेली प्रतिपिंडे (अँटीबॉडीज) सगळ्यांतच असतात, पण ती टिकावीत म्हणून कोणी ग्लायसिन घालते, कोणी प्रोलिन, कोणी माल्टोज, तर कोणी सुक्रोज. सुक्रोजमुळे मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका वाढतो आणि मधुमेहींना तो अधिक असतो. माल्टोज असेल तर काही ग्लुकोमीटर रक्तातील साखर खोटीच जास्त दाखवतात. त्या आकड्यावर विसंबून इन्सुलिन टोचले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून खोक्यावरचे घटक वाचून डॉक्टरांना कळवणे हे आमचे पहिले काम. कंपनी बदलली की आम्ही रुग्ण नवाच धरतो आणि सलाईनचा वेग अगदी कमी ठेवून सुरुवात करायला सांगतो.

वजनही ताजे घ्या. समजा 58 किलो भरले आणि किलोमागे 1 ग्रॅम द्यायचे आहे, तर 58 ग्रॅम होतात. बाटल्या मात्र 5 आणि 10 ग्रॅमच्या. इतक्या महागड्या औषधाचे उरलेले 2 ग्रॅम फेकून देण्यापेक्षा 60 ग्रॅम द्यावेत का, हे डॉक्टरांशी बोलून ठरते.

उत्तर २ (ऐरोली):
माझ्या पत्नीला मायस्थेनिया ग्रेव्हिस या स्नायू कमकुवत करणाऱ्या आजारासाठी हेच औषध मिळते, त्यामुळे ठाणे-वाशी लोकलने बाटल्या नेण्याचा सराव झाला आहे. बर्फाचे पाकीट बाटलीला थेट टेकू देऊ नका, कारण गोठलेले औषध वाया जाते; मध्ये जाड टॉवेल ठेवा. हलवूही नका, फेस होतो. बाटलीवरची बॅच क्रमांकाची चिकटपट्टी मात्र प्रत्येक वेळी फाइलमध्ये लावून घ्या.

प्रश्नकर्ता:
खोके पाहिले, माल्टोजच आहे. ग्लुकोमीटर आणि पट्ट्यांची डबी घेऊन उद्या सकाळीच रुग्णालयाच्या फार्मसीत जातो.