क्रॉप बॉडीवर २०० ची लेन्स ३०० होते, ही थापच ना?

मखमलाबादकर: कॅमेरा घेताना दुकानदार म्हणाला, "क्रॉप बॉडी (छोट्या सेन्सरचा कॅमेरा) घ्या साहेब, तुमची २०० ची लेन्स फुकटात ३०० होते." काल नांदूरमध्यमेश्वरला मनोऱ्यावर उभं राहून चमचे पक्षी टिपत होतो, तेव्हा डोक्यात हेच फिरत होतं. २०० ही लेन्सची मिलिमीटरमधली फोकल लेंथ, आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं; पण लेन्स २०० चीच राहते हो! सेन्सर म्हणजे चित्र टिपणारा भाग; फुल फ्रेम, म्हणजे मोठा सेन्सर, ३६ बाय २४ मिलिमीटरचा, क्रॉप साधारण २३.५ बाय १५.६ चा. लेन्स पाडते ते चित्र तेवढंच, छोट्या सेन्सरवर त्याच्या कडा मावत नाहीत एवढंच, म्हणून चौकट दीडपट आकड्याच्या लेन्ससारखी दिसते. भाकरीच्या कडा मोडल्या म्हणून मधला भाग फुगतो का?

निफाडी बगळा: फुगत नाही, पण त्या मधल्या भागात पिक्सेल किती ते मोजा की. दोन्ही बॉडी २४ मेगापिक्सेलच्या धरा. फुल फ्रेमचा फोटो क्रॉपएवढा कापलात तर हातात जेमतेम दहा उरतात. क्रॉपवाल्याकडे पुरे २४. चमच्याच्या चोचीवरच्या सुरकुत्या कुणाच्या फोटोत दिसतील? मला तरी ३०० म्हणायला लाज वाटत नाही.

मखमलाबादकर: मग ते श्रेय पिक्सेलच्या दाटीचं, सेन्सर लहान असल्याचं नाही. ४५ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम कापा, १९ तरी उरतात. तिथं तुमचा ३०० चा तोरा कुठे राहिला?

निफाडी बगळा: त्या बॉडीची किंमत बघितलीत का? कांद्याला भाव आला की बोलू.

पंचवटीची: तुम्ही पक्षीवाले फक्त लांबचंच बघता. माझं दुखणं उलटं आहे. क्रॉपवर २४ ची लेन्स ३६ सारखी दिसते. काळारामाच्या आवारात शिखर आणि ओवऱ्या एका चौकटीत घ्यायच्या म्हणून मागे मागे सरकले, शेवटी पाठ खांबाला टेकली तरी कळस कापलेलाच. शिवाय मागे सरकलं की जवळच्या-लांबच्या वस्तूंचं प्रमाणच बदलतं. ते अंतरामुळे, सेन्सरमुळे नाही, हेही लोक गुणिले दीडच्या नादात विसरतात. मला १६ ची लेन्स घ्यावीच लागली. फुकटात कसली!

निफाडी बगळा: ताई, हे मान्य. पण मखमलाबादकर, 'थाप' शब्द मागे घ्या. 'अर्धवट' म्हणा.

मखमलाबादकर: बरं, अर्धवट. पण त्यानं बिलामागे पेनानं '३०० एमएम' लिहून दिलंय, ते मी जपून ठेवलंय.