मदत हवी आहे: ६० हजारांत गेमिंग आणि ब्लेंडरसाठी पीसी, कोणतं ग्राफिक्स कार्ड घ्यावं? (ऐरोली)

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावासाठी डेस्कटॉप जोडायचा आहे. तो यंदा अ‍ॅनिमेशनच्या डिप्लोमाला लागलाय, ब्लेंडर (थ्रीडी अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर) शिकतोय, आणि गेमिंगचं वेड तर शाळेपासूनचं. बजेट ६० हजार. मॉनिटर त्यात धरलेला नाही, तो आई वेगळा घेऊन देणार आहे (जुन्याला फक्त व्हीजीएचं तोंड आहे, आणि आताच्या कार्डांवर व्हीजीए येतच नाही). गेम म्हणजे व्हॅलोरंट, जीटीए ५, आणि जमलंच तर सायबरपंक २०७७. सगळं १०८०पी वर. लखलखाट, काचेची कॅबिनेट, रंगीत पंखे यांपैकी काहीही नको.

एक अट मात्र पक्की आहे. ग्राफिक्स कार्ड काढून ठेवलं तरी कॉम्प्युटर चालला पाहिजे. घरात दुसरा कॉम्प्युटर नाही, कॉलेजचं सगळं काम यावरच होणार. ओळखीतल्या एका मुलाचं कार्ड वॉरंटीत गेलं, आणि ते परत येईपर्यंत त्याच्या मशीनवर साधी फाइलसुद्धा उघडता येईना, कारण प्रोसेसर ‘एफ’वाला होता. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ असला की आतलं ग्राफिक्स वापरता येत नाही. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्येही ते नाही. बजेट बिल्ड म्हटलं की सगळे इंटेलचा आय५ १२४००एफ किंवा हा ५६०० सुचवतात, आणि नुसत्या गेमिंगपुरतं ते बरोबरच आहे. पण विद्यार्थ्याच्या एकुलत्या एक मशीनमध्ये तेवढ्या बचतीसाठी हा धोका पत्करणं मला पटत नाही.

म्हणून तीन प्रोसेसरांवर आले आहे. रायझन ५ ५६००जी: आतलं ग्राफिक्स चांगलं, कार्ड नसतानाही व्हॅलोरंट चालेल. पण याची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) १६ एमबी, म्हणजे ५६०० च्या निम्मी, आणि कार्डाशी जोडणी जुन्या पीसीआयई ३.० वरच अडकलेली. म्हणजे पुढे चांगलं कार्ड लावलं की हाच मागे ओढणार. रायझन ५ ७६००: मनापासून आवडला, एएम५ सॉकेट असल्यामुळे पुढे फक्त प्रोसेसर बदलता येईल. पण त्याला डीडीआर५ (नव्या पिढीची रॅम) च लागते आणि रॅमचे भाव सध्या इतके चढलेत की कार्डाचे पैसे तिथेच जातात. उरला आय५ १२४००, एफ नसलेला: ६ कोअर, १२ थ्रेड, डीडीआर४ चालते, आतलं यूएचडी ७३० गेमसाठी नसलं तरी स्क्रीन दाखवायला पुरेसं. माझा कल याच्याकडे आहे. बोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम, ५०० जीबीचा एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) आणि कॅबिनेट धरून कार्डासाठी वीसएक हजार उरतात.

खरी अडचण इथून पुढे. या पैशांत एएमडीचं आरएक्स ६६०० (८ जीबी) किंवा एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५० येतं. गेममध्ये ६६०० सरळ सरळ पुढे आहे, त्यात वाद नाही. पण ब्लेंडरच्या सायकल्स रेंडरमध्ये (सीनचं अंतिम चित्र तयार करताना) एनव्हिडियाला त्यांच्याच ‘ऑप्टिक्स’ या तंत्राचा फायदा मिळतो, तिथे चित्र उलटं होतं. भाऊ म्हणतो ६६००, कारण मित्रांकडे तेच आहे. मला वाटतं, जो पोरगा रोज तीन-चार तास ब्लेंडरमध्ये घालवणार त्याने एनव्हिडिया घ्यावं. कोणी दोन्ही कामं एकाच मशीनवर करत असेल तर कृपया अनुभव सांगा.

दुकानांतलं एक पाहिलेलं लिहिते, निवड करताना कोणाला उपयोगी पडेल. एका ठिकाणी ‘गेमिंग पॅकेज’ दाखवलं. कॅबिनेट देखणी होती. मी बाजूचं झाकण काढायला लावून एसएमपीएसवरचं लेबल वाचलं. खोक्यावर ४५० वॅट, आणि लेबलवर १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही या १२ व्होल्टवरच जगतात. कार्डाची ८ पिनची वायर तर त्यात नव्हतीच. विचारलं तर म्हणाले, जोड देतो, चालून जातं. एकट्या ६६०० ला १३२ वॅट लागतात, त्यात प्रोसेसर पूर्ण जोरात चालला तर आणखी ११७ पर्यंत. असं कसं चालून जाईल? मी ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र) असलेला, चांगल्या कंपनीचा एसएमपीएस ठरवलाय. त्यात काटकसर करणार नाही.

आणखी दोन शंका. आमची इमारत जुनी आहे, खाडीच्या बाजूला. अनवाणी असताना जुन्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. हे नव्याही मशीनला होईल का? आणि खरेदी लॅमिंग्टन रोडवरून (ग्रँट रोड स्टेशनजवळचा कॉम्प्युटर बाजार) करावी की ऑनलाइन? ऐरोलीहून ठाणे, दादर, ग्रँट रोड अशी वारी करायची माझी तयारी आहे, फक्त वॉरंटीच्या वेळी पुन्हा पुन्हा तिथे जावं लागू नये.

जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

ताई, आधी झिणझिण्यांचं बघा, बाकी सगळं नंतर. ते अर्थिंग नसल्याचं लक्षण आहे. एसएमपीएसच्या आत विजेतला गोंगाट गाळणारे कपॅसिटर असतात, ते थोडा करंट कॅबिनेटकडे सोडतात आणि अर्थिंगची वायर तो जमिनीत नेते. ती वायरच जोडलेली नसेल तर तो तुमच्या हातातून जातो. कितीही महागाचा एसएमपीएस घेतलात तरी हे होणारच. इलेक्ट्रिशियनकडून त्या सॉकेटचं अर्थिंग मीटर लावून तपासून घ्या. जुन्या इमारतींत तीन पिनचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते.

प्रोसेसरबद्दल तुमचं बरोबर आहे, १२४०० घ्या. बोर्ड घेताना नाव नीट वाचा, एकाच बोर्डाची डीडीआर४ आणि डीडीआर५ अशी दोन रूपं मिळतात आणि एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. जोडून झाल्यावर बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग, चालू करायला विसरू नका, नाहीतर ३२०० ची रॅम कमी वेगाने चालत राहते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. व्हॅलोरंटला विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (दोन्ही सुरक्षेची सेटिंगं) लागतं, तेही तिथेच मिळेल.

कार्ड: ब्लेंडर रोजचं असेल तर एनव्हिडिया. पण ३०५० हे नाव फसवं आहे. ८ जीबीचं २०२२ मध्ये आलं, ६ जीबीचं २०२४ मध्ये, आणि दुसरं फक्त मेमरीने कमी नाही. त्याचे कोअरही कमी आहेत आणि मेमरीचा रस्ता १२८ ऐवजी ९६ बिटचा. बिलावर ‘८ जीबी’ लिहून घ्या. ब्लेंडरमध्ये सीन कार्डाच्या मेमरीत मावला पाहिजे, म्हणून या कामात जीबीला किंमत आहे.

प्रतिसाद:

वापरलेलं आरटीएक्स ३०६०, १२ जीबीचं, या बजेटच्या आसपास मिळू शकतं आणि दोन्ही कामांत ३०५० पेक्षा बरंच पुढे आहे. पण ते २०२१ चं मॉडेल, सुरुवातीच्या कार्डांची तीन वर्षांची वॉरंटी संपलीय. शिवाय सप्टेंबर २०२२ पर्यंत इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग कार्डांवर चालायचं, तेव्हा रात्रंदिवस तापलेली बरीच कार्डं बाजारात फिरतात. आपल्याकडे खाडीची हवा हाही मुद्दा आहे. एचडीएमआयच्या तोंडाशी हिरवट थर दिसला, ब्रॅकेटचे स्क्रू गंजलेले असले किंवा सर्किटवर तेलकट डाग असले तर तिथूनच परत फिरा. मूळ बिल आणि शिल्लक वॉरंटी असेल तरच विचार करा.

लॅमिंग्टन रोडबद्दल: भाव करता येतो, माल हातात घेऊन बघता येतो. बिल नको म्हणालात तर स्वस्त देतो असं कोणी म्हटलं तर घेऊ नका. जीएसटीचं बिल आणि त्यावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर असला की वॉरंटीसाठी बहुतेक वेळा थेट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाता येतं, दुकानापर्यंत जावं लागत नाही. सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते मात्र घेण्याआधीच बघून ठेवा.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. अर्थिंगचं इतकं गंभीर असेल असं वाटलं नव्हतं, आजच जुना कॉम्प्युटर बंद करून ठेवला. शनिवारी इलेक्ट्रिशियन येतोय.

भावाशी बोलले. वापरलेलं कार्ड नको, यावर दोघांचं एकमत झालं. ३०५० चं ८ जीबी मिळालं तर तेच. नाही मिळालं तर कार्डाशिवाय बाकी मशीन जोडून घेऊ, १२४०० वर कॉलेजचं काम सुरू होईल, आणि माझा दिवाळीचा बोनस आला की थेट वरचं कार्ड बघू. त्या हिशोबाने एसएमपीएस ५५० ऐवजी ६५० घ्यावा का? आणि दोन एम.२ स्लॉट (एनव्हीएमई बसवायच्या जागा) असलेला डीडीआर४ चा बी६६० किंवा बी७६० बोर्ड कोणी वापरत असेल तर मॉडेल सांगा, रविवारी ग्रँट रोडला जायचं आहे. तिथली बरीच दुकानं रविवारी बंद असतात का, तेही कळवा, म्हणजे ऑफिसात सुट्टी टाकते.