मदत हवी आहे: वजनाच्या ऑपरेशनचं यश मोजायचं कशावर?

ताईची स्लीव्ह सर्जरी (जठराचा मोठा भाग काढून ते लहान करतात ते ऑपरेशन) ठरत आली आहे. जादा वजनातलं निम्मं उतरलं की ऑपरेशन यशस्वी, असं धरतात. म्हणजे १२० किलो वजन, आदर्श ७० धरलं, तर ९५ वर आलं तरी पास! शिवाय सगळ्यात कमी वजन पहिल्या एक-दोन वर्षांतच दिसतं, पुढे थोडं परत चढतं. त्यामुळे वर्षभरातले 'आधी-नंतर'वाले फोटो मला काही पटत नाहीत.

ज्यांना पाच-सात वर्षं होऊन गेलीत त्यांनी सांगा ना, वजन कुठे स्थिरावलं? शुगरच्या गोळ्या बंद झाल्या त्या बंदच राहिल्या का? गोळ्यांशिवाय एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) ६.५ च्या खाली आहे? स्लीव्हनंतर काहींची ॲसिडिटी वाढते, तो त्रास कितपत? गॅस्ट्रिक बायपासवाल्यांनीही (हृदयाचं नव्हे, जठर लहान करून आतड्याचा काही भाग वगळतात ते वजनाचं ऑपरेशन) लिहा, विशेषतः बी१२ आणि लोहाच्या कमतरतेबद्दल.