जावास्क्रिप्टमध्ये तारीख परदेशात एक दिवस मागे दिसते

प्रश्न:
नमस्कार. वडोदऱ्यात दांडिया बाजार परिसरातील आमच्या मराठी मंडळाचे गणेशोत्सवाचे कार्यक्रमपत्रक मी संकेतस्थळावर मराठी व गुजराती अशा दोन्ही भाषांत देत आहे. स्थापनेची तारीख '२०२५-०८-२७' अशी साठवली असून जावास्क्रिप्ट या संगणकीय भाषेतील टूलोकेलडेटस्ट्रिंगने, म्हणजे तारीख वाचकाच्या भाषेत मांडणाऱ्या आज्ञेने, दाखवली आहे. येथे ती बरोबर दिसते. न्यू जर्सीतील सभासदांना मात्र २६ ऑगस्ट दिसते. शिवाय मराठी पानावर अंक देवनागरी येतात आणि गुजराती पानावर इंग्रजी, असे का व्हावे?

उत्तर १:
नुसती तारीख असलेली स्ट्रिंग (अक्षरांच्या रूपात साठवलेला मजकूर) जावास्क्रिप्ट यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची, मध्यरात्र म्हणून वाचते. त्या क्षणी आपल्याकडे २७ तारखेचे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात, तर न्यू जर्सीत २६ तारखेचे रात्रीचे आठ. त्यामुळे वडोदऱ्यात बसून कितीही तपासले तरी ही चूक सापडत नाही. अशा तारखेसाठी मांडणीच्या पर्यायांत टाइमझोन 'यूटीसी' द्यावा, म्हणजे सर्वत्र २७ दिसेल.

आरतीच्या वेळेला मात्र उलटा नियम लागू होतो, आणि मला तोच अधिक घातक वाटतो. तारखेला १९:३० जोडून पुढे काहीच लिहिले नाही, तर ती वेळ वाचणाऱ्याच्या संगणकाची स्थानिक वेळ मानली जाते. म्हणून शेवटी '+०५:३०', म्हणजे भारतीय वेळेचा यूटीसीपासूनचा फरक, लिहिलाच पाहिजे. भारतात उन्हाळ्यासाठी घड्याळे पुढे करत नसल्यामुळे हा फरक वर्षभर तोच राहतो.

उत्तर २:
अंकांविषयी थोडेसे. ब्राउझर ज्या सीएलडीआर माहितीसंचावरून प्रत्येक भाषेतील तारखा व अंक लिहिण्याच्या पद्धती घेतात, त्यात मराठीसाठी देवनागरी अंक गृहीत धरलेले आहेत. गुजरातीसाठी आणि हिंदीसाठीही तसे नाही. टूलोकेलडेटस्ट्रिंगला दिलेल्या भाषेच्या संक्षिप्त खुणेला (कोडला) 'यू-एनयू' हा विस्तार जोडून अंक बदलता येतात. माझ्या मते मराठी पानाला हात लावू नये आणि गुजराती पानालाच गुजराती अंक द्यावेत, कारण आपल्याकडील वयस्कर वाचकांना ते अधिक ओळखीचे आहेत.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. 'यूटीसी' दिल्यावर तारीख सुधारली. आता आरतीची वेळ न्यू जर्सीतील सभासदांना संध्याकाळची साडेसात दाखवावी की सकाळची दहा?

उत्तर १:
थेट प्रक्षेपण असेल तर दोन्ही दाखवाव्यात: एकदा टाइमझोन 'एशिया/कोलकाता' देऊन आणि एकदा तो पर्याय वगळून, आणि प्रत्येक वेळेसमोर शहराचे नाव लिहावे. प्रक्षेपण नसेल तर केवळ वडोदऱ्याची वेळ पुरेशी आहे.